दुप्पट दुधाची नोंद आणि न थांबलेली टेस्ट

"ताई, काल सांजच्याला लाईन गेलती. आज वही आन् कॉम्प्युटर जुळंना झालंय. तीन सभासदांचं दूध दुप्पट दिसाय लागलंय."

सकाळी पावणेसातला हा फोन आला. पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे सचिव बोलत होते. आम्ही त्यांना आण्णाच म्हणतो. आमची कंपनी अगदी छोटी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत दोन खोल्या आणि सात माणसं. गावोगावच्या संस्थांसाठी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. सभासद कॅन घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) सांगतं, दरपत्रकावरून रक्कम निघते, पावती छापली जाते. मग ती नोंद इंटरनेटवरून मुख्य सर्व्हरला जाते आणि सभासदाला मेसेज येतो. सकाळ-संध्याकाळ, वर्षाचे बाराही महिने.

त्या दिवशी संस्थेत एक आजी हातात मोबाईल घेऊन उभ्या होत्या. त्यांना एकाच दुधाचे दोन मेसेज आले होते. त्या आण्णांना म्हणाल्या, "माजी म्हस एक. दूध तीन लिटर. सा लिटर कुटनं आलं?" आण्णांनी हे फोनवर मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. संस्थेला पैसे मिळतात ते टँकरनं उचललेल्या दुधाचे. दहा दिवसांचं बिल काढताना जास्तीची नोंद तशीच राहिली, तर तेवढे पैसे संस्थेच्या गाठीचे जातात. आजींनी न बोलता ते घेतले असते तर कुणालाही कळलं नसतं.

नोंदी हातानं दुरुस्त केल्या आणि ऑफिसला गेले. डोक्यात एकच प्रश्न होता. याची टेस्ट आहे आपल्याकडं, मग हे झालं कसं?

टेस्ट म्हणजे आपला कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड. बरोबर असेल तर निकाल हिरवा, नसेल तर लाल. ती टेस्ट खरोखरच होती. नाव सुद्धा स्पष्ट होतं: 'नेटवर्क गेल्यावर नोंद पुन्हा पाठवते, पण एकदाच जमा होते'. आठ महिन्यांपूर्वी मीच लिहिली होती. चालवली, हिरवी आली. मग मी पुन्हा पाठवण्याच्या फंक्शनमधला सगळा मजकूर उडवला, आत काहीच ठेवलं नाही, आणि टेस्ट परत चालवली. तरीही हिरवी. खुर्चीत बसल्या बसल्या माझे हातपाय गार पडले. आठ महिने ही टेस्ट काहीही तपासत नव्हती, आणि तिच्याकडं बघून आम्ही प्रत्येक नवी आवृत्ती गावांना पाठवत होतो.

कारण समजून घ्यायला कोल्हापूरच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर तुम्ही उभे असता, समोर म्हशीची धार काढली जाते, फेसाळ ग्लास हातात येतो, तो पिऊन पैसे देऊन तुम्ही निघता. सगळं तिथल्या तिथं, एकामागून एक. साधा कोड असा चालतो. गावातल्या संस्थेत तसं नसतं. तुम्ही दूध घालता आणि हातात पावती घेऊन घरी जाता, पैसे दहा दिवसांनी येतात. असिंक्रोनस कोड हा असा. आमचा प्रोग्रॅम नोड जेएसवर, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर, आहे. तिथं नेटवर्क, फाईल, डेटाबेस असं वेळ खाणारं काहीही मागितलं की हातात ताबडतोब एक प्रॉमिस पडतं. ते पावतीसारखं असतं. उत्तर नंतर येतं, कधीकधी येतच नाही.

माझ्या टेस्टनं पावती घेतली आणि ती घरी गेली. 'एकच नोंद जमा झाली का' हे तपासणारी ओळ, म्हणजे एक्स्पेक्ट, मी देनच्या ('उत्तर आल्यावर हे कर') आत लिहिली होती, आणि ते प्रॉमिस टेस्टमधून परत दिलं नव्हतं, त्याला अवेटही ('उत्तर येईपर्यंत थांब') लावलं नव्हतं. टेस्ट चालवायला आम्ही जेस्ट वापरतो. टेस्टचं फंक्शन एरर न फेकता संपलं की जेस्ट तिला पास म्हणतं. आत एकही एक्स्पेक्ट चालला नाही तरी पासच. टेस्टसाठी बनवलेलं सर्व्हरचं खोटं उत्तर येऊन देनच्या आतलं काही चालायच्या आधीच निकाल लागलेला असायचा. दुरुस्ती दोन शब्दांची होती: फंक्शनच्या आधी असिंक आणि आत अवेट. ते दोन शब्द घातल्याबरोबर टेस्ट लाल झाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती खरं बोलली.

अशी टेस्ट एकटीच नसणार हे उघड होतं. आमच्या वरिष्ठ सहकाऱ्याला आम्ही दादा म्हणतो. त्याला दाखवलं. तो बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिला आणि म्हणाला, "सगळ्या फोडून बघ. एकेक." मग पूर्ण आठवडा मी तेच केलं. एक टेस्ट घ्यायची, ती ज्या कोडची राखण करते तो मुद्दाम बिघडवायचा, आणि टेस्ट लाल होते का बघायचं. असिंक्रोनस भागाच्या टेस्टपैकी तेवीस टेस्ट लाल होईनात. त्यातल्या बऱ्याचशा मी लिहिलेल्या होत्या, काही दादाच्या होत्या.

बहुतेकांत चूक तीच, पण एक प्रकार वेगळा होता आणि तो मला जास्त धोक्याचा वाटतो. चूक झाल्यावर एरर येतो का हे तपासणाऱ्या टेस्ट. उदाहरणार्थ, फॅट शून्य आलं तर नोंद नाकारली पाहिजे. टेस्टमध्ये ट्रायच्या आत नोंद करायचा प्रयत्न, आणि कॅचच्या आत, म्हणजे एरर आला तरच चालणाऱ्या भागात, तो एरर योग्य आहे का ही तपासणी. आता नोंद नाकारलीच गेली नाही तर? कॅचमध्ये कुणी जातच नाही, तपासणी होत नाही, टेस्ट हिरवी. म्हणजे ज्या बिघाडासाठी ती लिहिली, नेमक्या त्याच बिघाडात ती गप्प. अशा ठिकाणी मी आता जेस्टचं रिजेक्ट्स ('इथं एरर आलाच पाहिजे') वापरते, आणि त्याच्याही आधी अवेट हवाच, नाहीतर पुन्हा तेच रडगाणं. जिथं ट्राय-कॅच ठेवणं भाग आहे तिथं टेस्टच्या पहिल्या ओळीत एक्स्पेक्ट डॉट असर्शन्स लिहून 'या टेस्टमध्ये दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत' असं आकड्यानं सांगते. एक जरी कमी झाली तरी टेस्ट लाल होते.

माणूस विसरतो, म्हणून लिंटरलाही, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणाऱ्या साधनालाही, कामाला लावलं. टाइपस्क्रिप्टच्या ईएसलिंटमध्ये 'नो फ्लोटिंग प्रॉमिसेस' नावाचा नियम आहे. कुणी अवेट न लावता प्रॉमिस वाऱ्यावर सोडलं की तो अडवतो. तो चालू केला तेव्हा टेस्टच्या फायलींत तर तो भडकलाच, पण मूळ कोडमध्येही चार जागा सापडल्या. त्यातली एक पावती छापण्याच्या भागात होती. प्रिंटरला कागद नसला तर तो एरर कुणापर्यंत पोचतच नव्हता. हे काम आधीच केलं असतं तर, असं त्या संध्याकाळी फार वाटलं.

सगळीकडं अवेट लागले आणि वेगळंच दुखणं सुरू झालं. आता टेस्ट खऱ्या अर्थानं थांबायला लागल्या आणि अडकायला लागल्या. एका टेस्टला जेस्ट पाच सेकंद देतं. तेवढ्यात ती संपली नाही तर लाल. त्यातच जुन्या टेस्टमध्ये ठिकठिकाणी 'दोन सेकंद थांब, मग तपास' असं लिहिलेलं होतं. नोंद जायला साधारण किती वेळ लागेल याचा अंदाज बांधून कुणीतरी कधीतरी घातलेली झोप. माझ्या लॅपटॉपवर दोन सेकंद भरपूर होते. ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर, जिथं आमच्या टेस्ट आपोआप चालतात, तिथं कधी पुरायचे, कधी नाही. मग कुणीतरी दोनाचे तीन करायचं, तिनाचे पाच. सगळ्या टेस्ट चालायला अकरा मिनिटं लागायला लागली आणि तरी रोज एखादी लाल व्हायची. परत चालवली की हिरवी. हळूहळू आमच्यात एक वाक्य रुळलं होतं: "ती तशीच आहे, परत चालव." हे वाक्य मला आता सहन होत नाही. ज्या दिवशी ते ऑफिसात पहिल्यांदा बोललं गेलं, त्या दिवसापासून लाल रंगाला काही अर्थ उरला नव्हता.

हे दुखणं आमच्या एकट्यांचं नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ५१ ओपन सोर्स प्रकल्पांतल्या, अशा लहरी टेस्ट दुरुस्त करणाऱ्या २०१ कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, तपासल्या होत्या. ज्यांचं कारण नक्की सांगता आलं त्यांत सगळ्यात मोठा गट, सुमारे ४५ टक्के, हा असिंक्रोनस कामाची नीट वाट न बघण्याचा होता. गूगलनंही २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये कमी-जास्त लहरीपणा आहे. हे वाचून धीर आला असं म्हणणार नाही, पण आपण वेंधळे आहोत म्हणूनच हे होतंय असं वाटणं कमी झालं. नेमकं कुठं बघायचं तेही कळलं.

झोपेऐवजी काय करायचं, हे दादाला समजावताना माझ्या तोंडी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आला. राधानगरी धरण भरलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं एकेक करून आपोआप उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येऊन कोल्हापूरला पोचायला काही तास लागतात. किती तास, ते पाऊस, कासारी-कुंभी नद्यांचं पाणी, नदीची आधीची पातळी यावर ठरतं. म्हणून इथं कुणी 'दरवाजा उघडला, आता घड्याळ लावून झोपू या आणि मग उठून सामान हलवू या' असं करत नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा तर घराघरांत तासातासाला तोच आकडा विचारला जात होता. वाट बघायची ती आकड्याची.

टेस्टमध्येही तसंच. 'दोन सेकंद झोप' काढून टाकलं आणि एक छोटं फंक्शन लिहिलं. ते दर वीस मिलिसेकंदांनी विचारतं, 'नोंद डेटाबेसात आली का?' आली की लगेच पुढं. चार सेकंदांत नाहीच आली तर एरर, आणि त्या एररमध्ये 'कशाची वाट बघत होतो आणि शेवटचं काय दिसलं' हे लिहिलेलं. हा शेवटचा तपशील फार उपयोगी पडला. नुसतं 'वेळ संपली' म्हणणारी टेस्ट माणसाला अर्धा दिवस भटकवते. 'एक नोंद हवी होती, शून्य दिसल्या' म्हणणारी थेट जागेवर नेते. आणि कामाला जिथं स्वतःचं प्रॉमिस आहे तिथं हे विचारत बसणंही नको. ते प्रॉमिस बाहेर द्यायचं आणि टेस्टनं त्यालाच अवेट करायचं. यासाठी मूळ कोडमध्ये बदल करावे लागले. रांगेतल्या सगळ्या नोंदी पोचल्या की सांगणारं एक फंक्शन आम्ही टेस्टसाठी म्हणून लिहिलं. आता तेच फंक्शन, संस्थेचा कॉम्प्युटर बंद करताना 'अजून चार नोंदी जायच्यात, थोडं थांबा' हे दाखवायला वापरतो. आण्णांना ते सगळ्यात जास्त आवडलं.

पण पुन्हा पाठवण्याचं काय? नोंद गेली नाही तर आमचा प्रोग्रॅम एका मिनिटानं पुन्हा प्रयत्न करतो, मग दोन मिनिटांनी, मग चार. टेस्टमध्ये सात मिनिटं खरोखर थांबणार कोण? इथं खोटं घड्याळ लागतं. जेस्टमध्ये ते आहे. खरा टायमर बाजूला ठेवून त्याच्या जागी असा टायमर बसवायचा की ज्याचे काटे टेस्ट स्वतः फिरवते. 'एक मिनिट पुढं जा' म्हटलं की क्षणात एक मिनिट झालेलं असतं.

कागदावर हे सोपं दिसतं. मला यानं दोन दिवस छळलं. मी लिहिलं: पाठवायला सुरुवात कर, घड्याळ एक मिनिट पुढं ने, मग दोन मिनिटं पुढं ने, मग चार, आणि आता पाठवणं संपेपर्यंत अवेट कर. टेस्ट अडकायची आणि पाच सेकंदांनी मरायची. प्रत्येक वेळी. घड्याळ तर सात मिनिटं पुढं गेलेलं, मग अडकलं कुठं? आधी वाटलं आमच्या कोडमध्ये चूक आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन बसले आणि एकेक पायरी हातानं लिहून काढली, तेव्हा दिसलं.

घड्याळ एक मिनिट पुढं नेलं की पहिला टायमर वाजतो आणि त्याचं प्रॉमिस पूर्ण होतं. पण त्या प्रॉमिसच्या पुढचा कोड, म्हणजे 'परत पाठव, नाही गेलं तर दोन मिनिटांचा नवा टायमर लाव', हा त्याच क्षणी चालत नाही. तो मायक्रोटास्कच्या, म्हणजे लगेच नंतर करायच्या छोट्या कामांच्या, रांगेत जाऊन उभा राहतो, आणि त्या रांगेची पाळी हातातला चालू कोड थांबल्यावरच येते. माझी टेस्ट मात्र न थांबता पुढच्या ओळीवर गेली आणि घड्याळ आणखी दोन मिनिटं सरकवलं. तेव्हा दुसरा टायमर लागलेलाच नव्हता, त्यामुळं वाजलं काहीच नाही. चार मिनिटांचंही तेच. मग शेवटी अवेट आला, टेस्ट थांबली, रांगेतला कोड चालला, त्यानं दोन मिनिटांचा टायमर लावला, आणि आता काटे फिरवायला कुणीच नव्हतं. टेस्ट कोडची वाट बघतेय, कोड घड्याळाची, आणि घड्याळ टेस्टच्या हातात.

उपाय जेस्टमध्येच होता. घड्याळ पुढं नेणाऱ्या फंक्शनची एक असिंक आवृत्ती आहे, अॅडव्हान्स टायमर्स बाय टाइम असिंक. ती काटे फिरवताना मधेमधे त्या रांगेला पाळी देते. तिला अवेट लावून तीन ओळी बदलल्या आणि टेस्ट काही मिलिसेकंदांत हिरवी झाली. तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. घरी जाताना रंकाळ्यावर थांबून एकटीच भेळ खाल्ली. इतकं हलकं बऱ्याच दिवसांनी वाटत होतं.

खोट्या घड्याळाची एक खबरदारी मात्र सांगायलाच हवी. टेस्ट संपली की खरं घड्याळ परत बसवायचं, तेही टेस्टच्या शेवटच्या ओळीत लिहून भागत नाही. टेस्ट मधेच लाल झाली तर शेवटच्या ओळीपर्यंत कुणी पोचत नाही. ते आफ्टरईचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टनंतर हमखास चालणाऱ्या भागात, ठेवायचं. आमच्याकडं एका टेस्टचं खोटं घड्याळ पुढच्या टेस्टमध्ये राहून गेलं होतं आणि ती बिचारी विनाकारण अडकायची. एकटी चालवली की व्यवस्थित, सगळ्यांबरोबर चालवली की लाल.

एवढं सगळं झालं तरी आजींच्या दुप्पट दुधाची टेस्ट अजून लिहिलेली नव्हती. सर्व्हरचे लॉग (कधी काय झालं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) बघितल्यावर कळलं होतं की नेटवर्क पूर्ण गेलंच नव्हतं, ते रखडत होतं. नोंद सर्व्हरला पोचली, जमाही झाली, पण 'मिळाली' हे उत्तर यायला उशीर झाला. तीस सेकंद झाल्यावर आमच्या प्रोग्रॅमनं गेली नाही असं समजून ती रांगेत टाकली आणि मिनिटानं परत पाठवली. माझ्या जुन्या टेस्टमध्ये दोनच शक्यता होत्या: उत्तर आलं किंवा नाही आलं. उशिरा आलं, ही तिसरी शक्यता मी धरलीच नव्हती. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या बाजूला नेहमी घडणारी गोष्ट तीच आहे.

उशीर टेस्टमध्ये आणायचा कसा? झोप घालून नाही. मी एक खोटा सर्व्हर लिहिला. तो विनंती आली की ती लिहून ठेवतो, हातात प्रॉमिस देतो, पण टेस्टनं 'आता उत्तर दे' म्हटल्याशिवाय ते पूर्ण करत नाही. आम्ही त्याला 'दाबून ठेवलेलं उत्तर' म्हणतो. आता क्रम सगळा माझ्या हातात आला. पहिली विनंती येऊ दे. उत्तर दाबून ठेव. घड्याळ तीस सेकंद आणि वर एक मिनिट पुढं ने. दुसरी विनंती येऊ दे. तिचं उत्तर आधी सोड. मग पहिलीचं सोड. आता नोंदी मोज. दोन निघाल्या. पन्हाळ्याचा पाऊस राजारामपुरीतल्या टेबलावर, दर वेळी हुबेहूब तसाच. ती लाल ओळ बघून मला खरोखर आनंद झाला, कारण जे पकडता येतं ते दुरुस्त करता येतं.

दुरुस्ती मग फार नव्हती. प्रत्येक नोंदीला संस्थेच्या कॉम्प्युटरवरच, दूध मोजलं त्या क्षणी, एक वेगळा क्रमांक मिळतो. कितीही वेळा पाठवली तरी क्रमांक तोच. सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन आहे, म्हणजे एक क्रमांक एकदाच, आणि तीच नोंद परत आली तर ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग, म्हणजे काही न करता 'मिळाली' म्हणायचं. याच्या टेस्ट मात्र दोन लिहाव्या लागल्या. खोट्या सर्व्हरवर एवढंच सिद्ध होतं की दोन्ही वेळा क्रमांक तोच जातो. दुसरी नोंद खरोखर नाकारली जाते हे खऱ्या पोस्टग्रेसवरच बघायला हवं, आणि तेही दोन्ही विनंत्या एकदम सोडून. एकामागून एक सोडल्या तर 'आधी आहे का बघ, नसेल तर घाल' असा कच्चा कोडसुद्धा पास होतो. दोन्ही एकाच वेळी 'नाही' बघतात आणि दोन्ही घालतात, ती फट एकदम सोडल्याशिवाय दिसत नाही.

दुसरा मेसेज जात नाही, ही टेस्ट लिहिताना बराच विचार करावा लागला. घडलेली गोष्ट तपासणं सोपं. न घडणारी गोष्ट किती वेळ थांबून तपासायची? पाच सेकंदांत मेसेज गेला नाही म्हणजे सहाव्या सेकंदाला जाणार नाही असं थोडंच आहे. शेवटी असं केलं: दुप्पट नोंदीच्या मागं एक वेगळी, खरी नवी नोंद पाठवायची आणि तिचा मेसेज जाईपर्यंत वाट बघायची. मेसेज क्रमानं जातात, त्यामुळं नव्या नोंदीचा गेला म्हणजे मधल्या नोंदीचा निर्णय आधीच झालेला असतो. मग एकूण मेसेज मोजायचे. रांगेतल्या शेवटच्या माणसाचं दूध मोजून झालं म्हणजे आधीच्यांचं झालेलंच आहे, तसं.

हे सगळं चालू असताना एकदा आण्णांकडं जाऊन आले. संध्याकाळचं संकलन स्वतः बघायचं होतं. रांग दारापर्यंत, कॅनचा आवाज, कुणी सायकलवरून, कुणी डोक्यावर घेऊन. मशीनला एका नमुन्याला अर्ध्या मिनिटाच्या वर लागतं, तोवर पुढच्याचं वजन सुरू झालेलं असतं. माझ्या डोक्यात हे सगळं एका ओळीत होतं: वजन, मग फॅट, मग पावती. तिथं दोन सभासदांचं काम एकात एक गुंतलेलं होतं. आण्णा म्हणाले, "थांबून कसं चालंल ताई, म्हसरांच्या धारा काढून आलेली माणसं हाईत, घरी सैपाक पडलाय." परत आल्यावर मी त्या गुंत्याची टेस्ट लिहिली: पहिल्याचं फॅट यायच्या आत दुसऱ्याचं वजन. ती टेस्ट पास झाली. तरी लिहिली याचं समाधान आहे.

मशीनच्या वायरनं मात्र धक्का दिला. फॅटचं मशीन सिरियल पोर्टवरून, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या वायरीतून, एक ओळ पाठवतं. आमचा जुना कोड असं धरून चालला होता की डेटाचा एक इव्हेंट ('काहीतरी आलं' अशी सूचना) म्हणजे एक पूर्ण ओळ. नोड असं काही कबूल करत नाही. ओळ दोन-तीन तुकड्यांत येऊ शकते. मी एक ओळ घेऊन ती प्रत्येक अक्षराच्या जागी तोडून दोन तुकड्यांत द्यायची टेस्ट लिहिली, जेवढी अक्षरं तेवढ्या वेळा. दोन ठिकाणी ती लाल झाली. त्यातल्या एका जागी ६.४ फॅटचे '६' आणि '.४' असे तुकडे पडत होते आणि कोड ६ धरून पुढं जात होता. म्हशीच्या दुधाला फॅट चार पॉइंटनं कमी लागलं तर लिटरमागं दर उतरतो. प्रत्यक्षात असं कधी घडलं का, हे जुन्या नोंदींतून सांगता येत नाही, कारण ६ फॅट हे काही अशक्य नाही. हा विचार मला आजही टोचतो. आता ओळ संपल्याची खूण आल्याशिवाय आकडा वाचलाच जात नाही.

सगळ्या टेस्ट मिळून आता पन्नासेक सेकंदांत होतात. रात्री ते जुनं मशीन असिंक्रोनस भागाच्या टेस्ट शंभर वेळा चालवतं, दर वेळी क्रम बदलून, आणि शेजारी मुद्दाम प्रोसेसरवर ताण टाकून. शंभरातून एकदा जरी लाल झाली तरी सकाळी ती बघायची, परत चालवायची नाही. सुरुवातीला आठवड्याला दोन-तीन सापडायच्या. एका टेस्टला तर मी चार दिवस दिले. शेवटी तिच्यात दोष निघाला तो मूळ कोडचाच, टेस्टचा नाही: प्रोग्रॅम बंद होताना रांग फाईलमध्ये लिहून होण्याआधीच बाहेर पडत होता.

गेल्या पावसाळ्यात सलग तीन दिवस त्या बाजूचं नेटवर्क रखडत होतं. मी ऑफिसातून लॉग उघडून बसले होते. आण्णांच्या संस्थेतून एक नोंद पाच वेळा आली. डेटाबेसात ओळ एकच, मेसेज एकच. रात्री नऊला आण्णांचा फोन आला, तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला.

"ताई, नोंदी बरोबर हाईत सगळ्या. पर एक इचारायचं हुतं. वजन चाललेलं असताना लाईट गेली तर त्या मान्साचं दूध कुटं जातं वं?"

मी सकाळी बघून सांगते म्हटलं. जेस्टमध्ये अजून न लिहिलेल्या टेस्टचं नुसतं नाव टाकून ठेवता येतं. आण्णांचं वाक्य मी तिथं तसंच लिहून ठेवलं आणि सकाळी आल्या आल्या त्याच्यावर बसले.